वर्कशॉप बघून घेतलेलं कॉलेज

मी घर सोडलं त्या सकाळी चाळीतल्या तिघांनी मिळून माझी ट्रंक खाली नेली. विक्रोळीला पार्कसाइटच्या डोंगरावर, अगदी वरच्या रांगेत आमची खोली होती आणि रिक्षा खालच्या वळणापर्यंतच यायची. ट्रंकेत कपडे कमी आणि खाण्याचं सामान जास्त होतं. मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, आमसुलं. बाबा पुढे होते, मागे ट्रंक, तिच्या मागे मी आणि सगळ्यात शेवटी आई. ती खाली येऊन रडणार असं मी धरून चालले होते. तसं काही झालं नाही. तिने रिक्षात डोकं घालून ट्रंक नीट बसलीय की नाही ते पाहिलं आणि मला म्हणाली, "थंय पोचलंस काय आधी लोक पाणी खंयचा पितत ता बघ." मग ती वळली आणि पायऱ्या चढायला लागली. रिक्षा सुटेपर्यंतसुद्धा थांबली नाही.

कुर्ला टर्मिनसहून सकाळची गाडी होती. गुवाहाटीपर्यंत दोन दिवसांहून जास्त, तिथून पुढे दुसऱ्या गाडीने आणखी सहा-सात तास. वरच्या आसामात, चहाच्या मळ्यांमधल्या एका लहान शहरात मी इंडस्ट्रियल डिझाइन शिकायला निघाले होते. आमच्या चाळीतल्या कुणीही तोवर इतक्या पूर्वेला पाय ठेवला नव्हता. बाबा मला सोडायला येत होते. त्यांनी कामावर आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांची सुट्टी टाकली होती.

याला आता आठ वर्षं झाली. हे आज लिहायला बसले याचं कारण साधं आहे. पार्कसाइटवरच्या, कन्नमवारनगरातल्या, भांडुपच्या मुली मला अधूनमधून मेसेज करतात. ताई, मला पण डिझाइन करायचंय, कुठलं कॉलेज घेऊ? मी प्रत्येकीला तुटक-तुटक काहीतरी उत्तर देते आणि मग वाटतं, हे खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. आणि माझ्यासारख्या ज्या आधीच निघून गेल्या, कुणी बंगळुरूला, कुणी जर्मनीत, त्यांनाही कदाचित ओळखीचं वाटेल.

बाबांचं काम सांगते म्हणजे पुढचं कळेल. ते अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्यात डायमेकर होते. प्लास्टिकची कुठलीही वस्तू आधी लोखंडी साच्यात ओतली जाते, तो साचा घडवणारा माणूस म्हणजे डायमेकर. बाटल्यांची झाकणं, बादल्यांचे कान, डब्यांच्या कड्या, मिक्सरची बटणं. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की बाबा ती आधी हातात घेऊन फिरवायचे आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे उमटलेली बारीक रेघ शोधायचे. रेघ जाड असेल तर म्हणायचे, "घाईत केलंय." मी लहानपणापासून टूथब्रशावरची रेघ नखाने चाचपत मोठी झाले. दुसऱ्यांच्या घरी हे करत नाहीत हे मला पाचवी-सहावीत कळलं.

एकदा मी विचारलं होतं की या झाकणाला इतक्या खाचा असाव्यात हे कोण ठरवतं. बाबा म्हणाले, "पार्टीकडून ड्रॉइंग येतं. आपण साचा करतो." ड्रॉइंग कोण करतं? "असतो कुणीतरी डिझायनर." ते इतकं सहज म्हणाले की जणू असा माणूस कुठल्यातरी दुसऱ्याच शहरात राहतो आणि आपली त्याची भेट व्हायचं कारण नाही. त्यांनी तोवर खरंच एकही डिझायनर पाहिला नव्हता. मला मात्र तो माणूस बघायचा होता. पुढे दहावीत असताना चित्रकलेच्या बाईंकडून कळलं की याची पदवी मिळते, प्रवेशपरीक्षा असते, आणि मी त्या परीक्षेच्या मागे लागले.

बारावीनंतर माझ्या हातात दोन प्रवेश होते. एक पनवेलच्या पुढे असलेल्या खासगी विद्यापीठाचा. माहितीपत्रक असं गुळगुळीत की हातातून सटकायचं. परदेशी विद्यापीठाशी करार, शेवटच्या वर्षी तिकडे जायची संधी. दुसरा त्या आसामातल्या सरकारी संस्थेचा. परीक्षेतला माझा नंबर तिथपर्यंतच पोचला होता. जवळच्या सरकारी संस्था माझ्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या.

मला पनवेलच हवं होतं. आईलाही तेच हवं होतं, कारण शनिवारी दुपारी निघाले तर संध्याकाळी मी घरी. माझा चुलतभाऊ प्रसाददादा मुलुंडला राहतो, आयटीत आहे, आमच्या घरात त्याच्या शब्दाला वजन. तोही म्हणाला, "आसाम? यार, तिथे प्लेसमेंटला कोण येणार? उगाच चार वर्षांची वाट लावून घेशील." खासगीची फी जास्त होती, पण त्याबद्दल बाबांनी एक अक्षर काढलं नाही. इतकंच म्हणाले, की घ्यायच्या आधी एकदा बघून येऊ.

विद्यापीठाने प्रवेश मिळालेल्यांसाठी एक दिवस ठेवला होता. आम्ही दोघं गेलो. बाबांनी लग्नकार्यातला शर्ट घातला होता. पनवेल स्टेशनवरून त्यांचीच बस होती, आत एसी. इमारत सगळी काचेची. एक मॅडम आम्हाला घेऊन फिरत होत्या, सोबत आणखी दहा-बारा पालक. लायब्ररी, कॅफे, थ्रीडी प्रिंटरची रांग, मुलांनी केलेल्या खुर्च्यांचं प्रदर्शन. तिथे आखूड केस कापलेल्या, कानात मोठमोठी कानातली घातलेल्या सीनियर मुली जमिनीवर बसून कार्डबोर्ड कापत होत्या. त्यातल्या एकीने मला हाक मारून जवळ बसवून घेतलं आणि कापायला पट्टी दिली. त्या दहा मिनिटांत मी ठरवून टाकलं होतं की मला इथेच यायचंय. मला त्या मुलींसारखं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

बाबांनी मॅडमना विचारलं, वर्कशॉप कुठे आहे. ते दाखवायच्या यादीत नव्हतं. तरी त्यांनी कुणालातरी फोन करून किल्ली मागवली. मोठा हॉल, पांढरीशुभ्र फरशी, एक लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिल. बाबांनी लेथच्या खालच्या ट्रेमध्ये हात घालून बोटं फिरवली आणि बोटांकडे पाहिलं. ना तेल, ना लोखंडाचा भुसा, नुसती धूळ. मग विचारलं की मशीन जरा चालू करता येईल का. मॅडम म्हणाल्या, लाइनचं काम चालू आहे, अजून कनेक्शन आलेलं नाही, पण सत्र सुरू व्हायच्या आत येईल. मशीनवर कोण असतं? टेक्निशियन बाहेरून येतात, गरज लागेल तसे. बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी मॅडमचे आभार मानले. परतताना पनवेलच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही चहा घेतला, तेव्हा ते म्हणाले, "मशीन येऊन दोन वर्षं तरी झालीत. अजून कुणाचा हात लागलेला नाही."

मी चिडले. एवढं सगळं दाखवलं आणि यांना फक्त ते दिसलं. मी म्हणाले, "बाबा, मला डायमेकर नाही व्हायचंय. तुम्हाला मशीनशिवाय काही दिसतच नाही." माझ्या आवाजाने बाजूच्या बाकावरच्या बाई वळल्या. बाबांनी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागतेय ते बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गाळ्यातून आसामच्या संस्थेत फोन लावला. हे मला नंतर गाळ्यातल्या माणसांनी सांगितलं. ऑफिसातल्या बाईंना ते पुन्हापुन्हा एकच सांगत होते की मला प्रवेशाचं काही विचारायचं नाही, वर्कशॉपमध्ये जो माणूस आहे त्याला द्या. शेवटी हाजरिका नावाचे एक गृहस्थ फोनवर आले. मागे मशीनचा आवाज येत होता म्हणे, तो ऐकूनच बाबांचा चेहरा बदलला. दोघांचंही हिंदी यथातथाच. तरी अर्धा तास बोलले. हाजरिकांचं एक जुनं ड्रिल चालताना थरथरत होतं आणि बाबांनी त्यांना इथून फोनवर ते कुठे बघायचं ते सांगितलं. घरी येऊन बाबा आईला एवढंच म्हणाले, "तिथे माणूस आहे."

आईला त्याचा अर्थ लागला तो वेगळाच. तिला वाटलं कुणीतरी ओळखीचा निघाला. ओळखीचा नाही हे कळल्यावर ती भडकली. हयसर काय कमी आसा, म्हणाली. एकच मुलगी, ती नजरेआड पाठवायची आणि का, तर कुणा परक्या माणसाचं मशीन चालू आहे म्हणून. तिची बाजू मला बरोबर वाटत होती. खरं सांगायचं तर आमच्या तिघांत मला दूर पाठवायला सगळ्यात नाराज बाबाच असणार, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. मी सातवीत असताना शाळेची सहल दोन दिवसांची होती तर बाबा दोन्ही रात्री जेवले नव्हते. त्यामुळे त्यांचं हे म्हणणं जास्तच विचित्र वाटायचं.

मी प्रसाददादाकडे गेले आणि त्याच्या लॅपटॉपवर आम्ही खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरून छापून ठेवला. फक्त पालकांची सही राहिली होती. दादा म्हणाला, काकांना नीट समजावून सांग, ते ऐकतील. मी तो कागद घेऊन घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला निघाले. घरी आईसमोर हा विषय नको होता.

गाळ्यात त्या दिवशी एक साचा परत आलेला होता. डब्याच्या कडीचा. कडी उचलली की आतल्या कोपऱ्यात तुटत होती, आणि पार्टीच्या माणसाने येऊन शेठसमोर साच्यावर खापर फोडलं होतं. साचा बाबांचा होता. त्यांनी ड्रॉइंग आलं तेव्हाच सांगितलं होतं की हा कोपरा इतका टोकदार ठेवला तर तुटणार, थोडी गोलाई द्या. तेव्हा उत्तर आलं होतं, ड्रॉइंगप्रमाणे करा. आता तो माणूस गेला होता आणि बाबा साचा बाकावर घेऊन बसले होते.

मी शेजारी स्टुलावर बसले. बाबा म्हणाले की साच्याची ही धार मोडली की प्लास्टिकचा कोपरा आपोआप भरतो. मग त्यांनी कानस माझ्या हातात दिली. "बघ."

मला वाटलं, यात काय. मी घासायला लागले. पाचेक मिनिटांत मला छान चाललंय असं वाटायला लागलं. बाबांनी थांबवलं, धारेवरून अंगठा फिरवला आणि मला फिरवायला सांगितला. एका बाजूला पोलाद पार खाली गेलं होतं, दुसरीकडे तसंच टोकदार. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, अंगठ्याला लगेच कळलं. मी कानस खाली ठेवली. तो चालू ऑर्डरचा साचा होता. बाबा रागावले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि माझी चूक निस्तरायला लागले. त्याला त्यांचे पुढचे दोन तास गेले. मी बाजूला बसून बघत राहिले. त्यांचा हात पुढे जाताना दाब कुठे कमी होतो, कुठे वाढतो हे बघता येत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

काम झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, "तू डायमेकर होऊ नकोसच. पण कागदावर कोपरा काढशील ना, तेव्हा हे तुझ्या हाताला माहीत पाहिजे. हे ड्रॉइंग ज्याने काढलं त्याच्या हाताला माहीत नाही. तो वाईट नाही. त्याला कुणी मशीनजवळ उभं केलंच नाही."

माझ्या पिशवीत तो फॉर्म होता. मी तो काढला नाही. लगेच साक्षात्कार वगैरे झाला असंही नाही. त्या आखूड केसांच्या मुली मला अजून दिसत होत्या. पण एवढं कळलं होतं की ज्या गोष्टीची मी परीक्षा पास झाले होते, तिच्यातलं मला काहीच येत नव्हतं, आणि पनवेलला ते कळायला मला फार वर्षं लागली असती. मेट्रोत परतताना मी बाबांना म्हणाले, "मी आसामला जाते." त्यांनी मान हलवली. मग साकीनाक्यापासून घाटकोपरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांना बरं वाटतंय की वाईट, हे मला कळेना. आता वाटतं, त्यांनाही कळत नसावं.

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने शेजारच्या वहिनींच्या फोनवर नकाशा काढायला लावला, विक्रोळीवर एक बोट ठेवलं, आसामवर दुसरं, आणि मध्ये केवढं अंतर राहतं ते बघितलं. त्या दिवशी दुपारी मसाल्याच्या मिरच्या उन्हात पडल्या.

बाबा आसामात तीन दिवस राहिले. इतर मुलांचे आईवडील विमानाने आले होते, हॉटेलात उतरले होते, डीनना भेटत होते. माझे बाबा पहिल्या सकाळी वर्कशॉपमध्ये गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. मी शोधत गेले तर ते आणि हाजरिकादा ते ड्रिल खोलून बसले होते, दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे. माझ्याबरोबर नव्या वर्गातल्या दोन मुली होत्या. त्यातली एक म्हणाली, हे इथले स्टाफ का? मी पटकन हो म्हणाले. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ऐकलं असलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

निघताना स्टेशनवर ते म्हणाले, "रविवारी फोन कर. रोज नको. रोज केलास तर आई रोज वाट बघत बसेल." गाडी हलली तशी मला ते ड्रिलजवळचं, त्यांना स्टाफ म्हटल्याचं सांगायचं होतं, माफी मागायची होती. पण गाडीच्या दारात उभे राहून ते मला हॉस्टेलच्या खिडकीची कडी सैल आहे, बदलून घे, असं ओरडून सांगत होते.

पहिलं वर्ष कठीण गेलं. तिथे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला लख्ख उजाडतं आणि थंडीत पाचच्या आत अंधार पडतो. माझं मुंबईचं हिंदी ऐकून दुकानदार हसायचे. "क्या भाव लगाया" छापाचं बोलणं तिथे उद्धट वाटतं हे मला महिन्याभराने एका मुलीने सांगितलं. लोक हळू बोलतात, तुमचं पूर्ण होईपर्यंत थांबतात. आमच्याकडे कुणी थांबत नाही. मासे मात्र होते, म्हणून तगले. नदीचे मासे, आंबट रश्श्यातले. पहिल्यांदा त्यात मी लपूनछपून आईचा मसाला घातला. पुढे घालायची सोडली.

दुसऱ्या वर्षी आम्हाला जवळच्या गावात रूनू बाइदेउंकडे पाठवलं. बाइदेउ म्हणजे ताई. त्या बांबूचे मुढे करायच्या, बसायची गोल बैठी आसनं. मी त्यांच्यासाठी मोठ्या हौसेने चौकोनी मुढ्याचं ड्रॉइंग करून नेलं, चारी कोपरे काटकोनात. त्यांनी कागद बघितला, बांबूची एक पट्टी घेतली आणि मी काढला होता तसा कोपरा वळवला. पट्टी काडकन तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. तिसरी त्यांनी माझ्या हातात दिली. अंधेरीच्या गाळ्यात टोकदार कोपऱ्याचं ड्रॉइंग पाठवणाऱ्या त्या माणसाच्या जागी मी बसले होते, हे मला त्या अंगणात नीट कळलं. बांबू कुठवर वळतो हे शिकायला मला एक पूर्ण हिवाळा लागला. बोटांत इतकी कुसळं रुतली की रविवारी फोन धरताना हुळहुळायचं.

आता मेसेज करणाऱ्या मुलींसाठी थोडं खरं. बाबा पूर्ण बरोबर होते असं नाही. पनवेलच्या त्या विद्यापीठातलं विजेचं कनेक्शन पुढे आलं. त्या दिवशी मला पट्टी देणारी ऋचा आज बंगळुरूला एका मोठ्या कंपनीत आहे, माझ्यापेक्षा दुप्पट कमावते आणि उत्तम काम करते. मी तिथे गेले असते तर वाया गेले असते असं मी म्हणणार नाही. वेगळी झाले असते. वर्कशॉप बघा असं मी सगळ्यांना सांगते, पण तेवढ्यानेच होतं असं नाही. आपल्याला काय येत नाही हे जिथे लवकर कळेल तिथे जा, इतकंच मला सांगता येतं.

पदवीनंतर मी परत आले. अंधेरीतल्याच एका डिझाइन स्टुडिओत लागले, बाबांच्या गाळ्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. सकाळी आम्ही दोघं एकत्र निघायचो, एका स्टेशनवर उतरायचो आणि दोन दिशांना जायचो. आईचं ते सगळ्यात सुखाचं वर्ष असावं. मी तिथे ट्रिमरची झाकणं आणि मिक्सरची हँडलं काढायचे. एका रविवारी माझं एक ड्रॉइंग बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि दहा मिनिटांत एका जागी बोट ठेवलं. सोमवारी मी ते ऑफिसात सांगितलं. उत्तर मिळालं की ते डायमेकर बघून घेईल, आपण दिसण्याचं बघायचं. वाईट माणसं नव्हती ती. पण त्या दिवसापासून मला तिथे करमेना. तेव्हाच आसामच्या वर्गातली दोघं गावातल्या शाळांसाठी बांबू आणि लोखंडी पाइपची बाकं करायचं म्हणत होती आणि तिसरं माणूस शोधत होती. त्या नोकरीत दीड वर्ष काढून मी आसामला परत गेले. या वेळी मला सोडायला कुणी आलं नाही, आणि ट्रंकेऐवजी एक सॅक होती.

अजून तिथेच आहे. आमचं काम फार मोठं नाही. सतरा शाळांत आमची बाकं आहेत. हाजरिकादा निवृत्त झाले आणि आता आमच्याकडे येऊन बसतात. पगार घ्या म्हटलं की विषय बदलतात. बाबा आणि ते अजून महिन्यातून एकदा फोनवर बोलतात. काय बोलतात ते दोघंही मला सांगत नाहीत.

दरम्यान अंधेरीचा तो गाळा विकला गेला. तिथे आता गोदाम आहे. बाबा घरी बसले. आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला आणि आईबाबांना डोंगराच्या पायथ्याशी टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर मिळालं. हॉल, स्वयंपाकघर आणि एक छोटी खोली. आईने मला व्हिडिओवर सगळं दाखवलं, त्या खोलीचं दार मात्र बंद होतं. तिथे अजून सामान पडलंय, म्हणाली. मी मनातल्या मनात तिथे माझी पुस्तकं लावून ठेवली होती. पडद्याचा रंगसुद्धा ठरवला होता.

गेल्या गणपतीत गेले. दुपारची वेळ होती. चप्पल काढून मी पहिलं त्या खोलीचं दार उघडलं. आत भिंतीलगत बाबांचा बाक होता, त्यावर पोलादी पकड बसवलेली, भिंतीवर कानशी ओळीने टांगलेल्या. खिडकीखाली लोखंडाचा बारीक भुसा. बाबा इमारतीतल्या लोकांच्या कड्या, नळ, कुकरची हँडलं दुरुस्त करून देतात. पलंग नव्हता. माझी पुस्तकं माळ्यावर गेली होती.

जेवण झाल्यावर बाबा हात धुवायला उठले तेव्हा मी आईला म्हणाले की मला एक कोपरा तरी ठेवायचा होतात, मी कुठे झोपायचं. मला वाटलं होतं तसं तिला वाईट वाटलं नाही. तिने ताटं गोळा केली आणि उठता उठता म्हणाली, "खोली पाहुण्यांका लागता. तू खंयची पाहुणी?"

मग तिने कोपऱ्यातली सतरंजी पायानेच माझ्याकडे सरकवली, जशी आमच्या जुन्या खोलीत सरकवायची. मी ती हॉलमध्ये पंख्याखाली अंथरली. आतून बाबांच्या कानशीचा आवाज सुरू झाला, आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, आणि दोघांपैकी कुणीही मी झोपलेय म्हणून आवाज कमी केला नाही. मी दोन तास गाढ झोपले.